योकोहामाला उतरलेले पगारी पाहुणे

योकोहामाच्या बंदरात १८९४ पर्यंत मोठ्या बोटीला लागायला धक्काच नव्हता. जहाज खोल पाण्यात नांगर टाकायचं आणि प्रवासी सामानसुमानासह छोट्या होड्यांतून किनारा गाठायचे. मेइजी सरकारनं पगार देऊन बोलावलेले परदेशी तज्ज्ञ जपानच्या भूमीवर पाय ठेवायचे ते असे, होडीतून उतरून. कोणी इंजिनीअर, कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, बरेचसे पंचविशी-तिशीतले. १८६८ मध्ये सत्तेवर आलेल्या या सरकारनं जगभरातून ज्ञान मिळवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी वाटेल तो पैसा मोजायची त्याची तयारी होती. ओसाकाच्या टांकसाळीचा इंग्रज प्रमुख टॉमस किंडर याला महिना १०४५ येन मिळत. सरकारातल्या सर्वोच्च मंत्र्याचा पगार होता ८०० येन. १८७० च्या दशकाच्या मध्याला असे सरकारी परदेशी नोकर पाचशेच्या घरात होते.

यांतल्या अनेकांनी रोजनिशा, पत्रं, आठवणी भरभरून लिहून ठेवल्या. नव्या गावात उतरणारा माणूस सगळं कोऱ्या नजरेनं पाहतो असं आपण धरून चालतो. हे कागद वाचताना मात्र जाणवतं, की त्याचा धंदा त्याच्याआधीच बोटीतून उतरलेला असतो. काय दिसायचं आणि काय नाही, हे पुष्कळसं तोच ठरवतो.

रिचर्ड ब्रंटन हा स्कॉटिश इंजिनीअर १८६८ मध्ये दीपगृहं बांधायला आला. ती तर त्यानं बांधलीच. पण योकोहामाच्या चिखलात त्याला आधी दिसले ते तिथं नसलेले रस्ते, गटारं आणि पूल. दुसऱ्याच वर्षी तिथं त्याचा लोखंडी पूल उभा राहिला. जॉन मिल्न हा खाणशास्त्रज्ञ समुद्रप्रवास टाळून सायबेरिया ओलांडत, महिनोन्‌महिने घालवून १८७६ मध्ये टोकियोला पोचला. पहिल्याच रात्री त्याला भूकंपाचा धक्का बसला, असं सांगतात. चार वर्षांनी योकोहामा हादरलं, तेव्हा जपानची भूकंपशास्त्र संस्था उभी करण्यात तो आघाडीवर होता.

सगळ्यांत सुरस कथा एडवर्ड मोर्सची. अमेरिकेतल्या मेन राज्यात वाढलेला हा प्राणिशास्त्रज्ञ, विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी त्याच्यापाशी नव्हती. जून १८७७ मध्ये तो आला तो शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉड नावाच्या समुद्री जीवांच्या शोधात. होडी वल्हवणाऱ्यांचे लयीतले हुंकार, फलाटावर लाकडी खडावांचा उठणारा खडखडाट, असले आवाजही त्यानं टिपून ठेवले आहेत. येऊन दोन-चार दिवस होतात न होतात तोच तो योकोहामाहून टोकियोला आगगाडीनं निघाला. अवघ्या २९ किलोमीटरचा हा रेल्वेमार्ग सुरू होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. ओमोरी स्टेशनाजवळ रुळांसाठी टेकाड कापलं होतं. त्या कापलेल्या भिंतीत मोर्सला खिडकीतून शिंपल्यांचा पांढरा थर दिसला आणि त्यानं तो ओळखला: आदिमानवाच्या जेवणाचा उकिरडा! मेनच्या किनाऱ्यावर असे ढीग त्यानं स्वतः अभ्यासले होते. त्या वाटेनं तोवर हजारो लोक गेले असतील, रूळ टाकणाऱ्या मजुरांनी तर ते शिंपले फावड्यानं उपसले असतील. थांबला तो मोर्स.

त्याच भेटीत टोकियो विद्यापीठानं त्याला प्राध्यापकाची नोकरी देऊ केली. सप्टेंबरात त्यानं ओमोरीला खणायला सुरुवात केली. दोरीचे ठसे उमटवलेली मातीची भांडी निघाली. जपानच्या इतिहासपूर्व काळाला आज ज्या ठशांवरून जोमोन म्हणतात, तेच हे ठसे. जपानी पुरातत्त्वाचा आरंभ या उत्खननापासून मानतात.

मोर्स दोन्ही हातांनी चित्रं काढायचा, फळ्यावर एकाच वेळी दोन खडू चालवायचा. शिंपल्याची घडण न्याहाळणाऱ्या त्या डोळ्यांनी पुढं टोकियोची घरं पाहिली. १८८६ मध्ये आलेलं त्याचं जपानी घरांवरचं पुस्तक उघडावं: छपराच्या कौलांची टोकं, सरकत्या दाराच्या खाचा, विहिरीचा रहाट, चूल, न्हाणीघर, संडास, सगळं रेखाटलेलं. टोकियोच्या माणसाला आपला संडास कागदावर उतरवून ठेवावासा कशाला वाटला असता? पुढं आगींत, भूकंपात आणि बॉम्बहल्ल्यांत ते जुनं शहर गेलं. रोजच्या जगण्याच्या या नोंदी एका परक्यानं करून ठेवल्या, हे जपानचं भाग्य म्हणायला हवं.

पण नवख्या डोळ्यांची एक हमखास चूक होते. समोर दिसेल ते पुरातन वाटतं. बंदरावर उतरताच माणसानं ओढलेली रिक्षा पुढं यायची आणि पाहुण्याला वाटायचं, हाच तो प्राचीन पूर्वेचा देश. प्रत्यक्षात ती रिक्षा टोकियोत रस्त्यावर आली १८७० च्या सुमाराला, म्हणजे या पाहुण्यांइतकीच नवी. आपल्या माथेरानची हातरिक्षा याच कुळातली.

उलट जपानी तरुणांना जुनं काही नकोच होतं. १८७६ मध्ये वैद्यक शिकवायला आलेला जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ पहिल्याच वर्षी रोजनिशीत खिन्न होऊन लिहितो, की शिकलेल्या लोकांना आपल्या भूतकाळाची लाज वाटते. आपला इतिहास आत्ता कुठं सुरू होतोय, असं ते बोलतात. त्यांना नव्याची घाई, तर त्यांनीच पगार देऊन आणलेला माणूस त्यांच्या जुन्याच्या काळजीत. बेल्झ जवळजवळ तीन दशकं तिथं राहिला.

लाफ्काडिओ हर्नचा धंदा लिहिण्याचा. ४ एप्रिल १८९० ला तो एका अमेरिकन मासिकासाठी योकोहामाला उतरला. एका इंग्रज प्राध्यापकानं त्याला बजावलं होतं, की पहिले ठसे लगेच लिहून काढ, एकदा उडाले की परत येत नाहीत. हर्न दिवसभर रिक्षातून देवळं पाहत हिंडला आणि त्या पहिल्या दिवसावर त्यानं एक दीर्घ निबंध लिहिला. दुकानांवरची अक्षरं, निळी छपरं, निळे पोशाख. सारं भारावलेलं आहे. त्या भारावण्याला पुढच्या चौदा वर्षांनी वजन आणलं. मासिकाशी बिनसल्यावर तो मात्सुए या आडगावी शिक्षक झाला, लग्न केलं, १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो या नावानं जपानचा नागरिक झाला आणि टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला.

परक्यांकडून शिकायचं आणि मग त्यांच्या खुर्चीत आपली माणसं बसवायची, हे सरकारनं मुळातच ठरवलेलं होतं. त्यासाठी निवडलेल्या नात्सुमे सोसेकीला सरकारी खर्चानं लंडनला धाडलं. २८ ऑक्टोबर १९०० ला तो पोचला आणि दुसऱ्याच दिवशी बोअर युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या स्वागताच्या गर्दीत सापडला. धंद्यानं तो इंग्रजीचा शिक्षक, पण लंडनच्या रस्त्यावरची बोली त्याला कळेना. थुंकी काळी पडते अशी तिथली हवा. एकदा समोरून एक बुटका, विचित्र माणूस येताना दिसला. जवळ गेल्यावर कळलं, तो आरशातला आपणच. योकोहामाला उतरलेल्यांना एवढं एकाकीपण सहसा वाट्याला आलं नव्हतं. त्यांच्यापाशी बक्कळ पगार होता, नोकरचाकर होते, गोऱ्यांची वेगळी वसाहत होती, आणि १८९९ पर्यंत जपानी कायदाही त्यांना लागू नव्हता. सोसेकी तुटपुंज्या भत्त्यात खोल्या बदलत राहिला आणि पुस्तकं घेत राहिला.

१९०३ मध्ये तो परतला. त्याच वसंतात विद्यापीठानं हर्नला निरोप दिला आणि त्याच्या जागी सोसेकी उभा राहिला. विद्यार्थी मात्र नाराज होते. त्यांना हर्नच हवा होता.