एक पौंड वजन आणि एक अख्खं गाव

मागच्या आठवड्यात शाळेबाहेरच्या टपरीवर पोस्ट टाकली होती. शाळा सुटल्यावर पाच रुपयांच्या चिप्सची माळ कशी रिकामी होते, त्याबद्दल. खाली नेहमीचीच कमेंट: "आईबापांचं लक्ष नाही, दुसरं काय!" त्याला उत्तर म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

अमेरिकेत बोस्टनला चिकटून समरव्हिल म्हणून गाव आहे. जेमतेम चार चौरस मैलांत 2000 साली 77 हजार माणसं होती. लाकडी तिमजली घरं, मजल्यागणिक एक बिऱ्हाड. फोर्डचा मोटारींचा कारखाना होता, तो 1958 मध्ये बंद पडला. मग वस्ती चिरत महामार्ग गेला. आसपासचे लोक या गावाला हिणवून 'स्लमरव्हिल' म्हणायचे. पुढे ब्राझील, हैती, एल साल्वाडोरकडची कष्टकरी कुटुंबं इथे राहायला आली. दोघंही कामावर, मैदानं कमी, रस्ते गाड्यांचे. पोरं घरात टीव्हीसमोर आणि हातात स्वस्तातलं खाणं. चित्र ओळखीचं वाटतंय ना?

2002 साली शेजारच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या क्रिस्टिना इकॉनोमॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे तीन वर्षांचं काम सुरू केलं. नाव 'शेप अप समरव्हिल'. पैसा केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा. लक्ष पहिली ते तिसरीच्या मुलांवर. पण गंमत अशी, की एकाही पोराला डाएटवर बसवलं नाही. रोजच्या हालचालीतून साधारण 125 कॅलरी जास्त खर्च व्हाव्यात, एवढंच माफक गणित धरलं. म्हणजे अर्धा वडापावसुद्धा नाही!

आणि ते गणित सुटावं म्हणून गाव हलवलं. शाळेच्या स्वयंपाकघरात फळं-भाज्या वाढल्या, स्वयंपाक करणाऱ्यांना शिकवलं. शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात खेळ आणि खाणं बनवणं आलं. पोरांनी चालत शाळेत यावं म्हणून रस्ते ओलांडायच्या जागचे पट्टे नव्याने रंगवले, चालायचे सुरक्षित मार्ग ठरवले. हॉटेलवाल्यांना गाठून छोट्या मापाची थाळी आणि सोबत भाजी-फळं ठेवायला लावली. जो ठेवेल त्याच्या हॉटेलला 'शेप अप'ची मान्यता. शाळेच्या नर्स आणि भागातले डॉक्टर यांनाही प्रशिक्षण दिलं. घरी जाणारी पत्रकं इंग्रजीसोबत लोकांच्या भाषांतही काढली. मला यातले रस्त्यावरचे पट्टे सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कारण पोराला चालत पाठवायचं की नाही, हे आई रस्ता बघून ठरवते, आहारतज्ज्ञाचं भाषण ऐकून नाही.

निकाल 2007 मध्ये छापून आला. तशाच दोन गावांतल्या मुलांशी तुलना केली, तर पहिल्या वर्षाअखेर समरव्हिलच्या आठ वर्षांच्या मुलामागे वजनवाढ साधारण एक पौंडाने कमी निघाली. म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत. "एवढंच?" असं वाटेल. पण हा फरक पूर्ण गावाच्या सरासरीतला आहे, चार निवडक पोरांचा नाही. नंतरच्या अभ्यासात तर आईवडिलांचंही वजन थोडं उतरल्याचं दिसलं. कार्यक्रम तर मुलांसाठी होता!

असले प्रकल्प निधी संपला की गुंडाळले जातात. इथे 2004 मध्ये आलेले महापौर जोसेफ कर्टाटोनी यांनी ते नगरपालिकेच्या कामात घेतलं. 2010 मध्ये मिशेल ओबामांनी मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा त्या कार्यक्रमात हेच महापौर बोलायला उभे होते. आता दुसरी बाजूही सांगतो. गाव चांगलं झालं, मेट्रो आली, भाडी वाढली, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यातल्या कित्येक कुटुंबांना तिथे राहणं परवडेनासं झालं. हा दोष पट्ट्यांचा नाही, पण विसरूही नये.

आपल्याकडे अजून कुपोषणाचाच प्रश्न मोठा, हे खरंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. पण त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं 2.1 वरून 3.4 टक्क्यांवर गेलीत. दोन्ही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात सापडतात. पाच रुपयांचं पाकीट दोघांच्याही हातात असतं. पोट भरतं, अंगी लागत नाही.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरमध्ये जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. केंद्राचा 2020 चा नियम. आपल्या टपरीचं अंतर मी काल पावलांनी मोजलं: बावीस पावलं. टपरीवाल्या काकूंशीही बोललो. त्या म्हणाल्या, "केळी ठेवते की, पण उरली तर पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोज दोन डझन केळी संपवायची हमी कोण कोण घेतंय, खाली लिहा. आणि शाळेसमोरचे पट्टे पुसले गेलेत, त्याचा अर्ज सोमवारी वॉर्ड ऑफिसात देतोय. सह्यांसाठी शनिवारी संध्याकाळी फाटकापाशी थांबेन.