एपिटोपचे भाकीत आणि प्रयोगशाळेचे ऋण

विषाणूची जनुकीय क्रमवारी हाती आली की प्रतिपिंड त्याच्या प्रथिनाला कुठे चिकटेल, म्हणजे एपिटोप कुठला, हे संगणकच सांगेल. प्रयोगशाळेने फक्त शिक्कामोर्तब करायचे. हे मत आता सर्वमान्य होऊ पाहते आहे. त्याला पुण्याचाच भक्कम दाखला देता येतो. पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोंगावकर यांनी 1990 मध्ये मांडलेली पद्धत अमायनो आम्लांच्या नुसत्या क्रमावरून एपिटोप ओळखते. सलग सात आम्लांच्या आकड्यांची सरासरी काढायची, इतकी ती सुटसुटीत. अचूकता सुमारे 75 टक्के असल्याचे त्यांनी नोंदवले आणि जगभरचे संशोधक ती आजही वापरतात.

पण त्या सूत्रातले आकडे आले कुठून? प्रयोगाने आधीच सिद्ध झालेल्या एपिटोपमध्ये कोणते आम्ल किती वेळा येते, हे मोजून. म्हणजे ज्या प्रयोगशाळेला दुय्यम ठरवायचे, तिच्याच पुंजीवर हे भाकीत उभे आहे.

शिवाय क्रमाची मर्यादाही पुढे उघड झाली. 2005 मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी आम्लांना आकडे देणाऱ्या अशा सुमारे पाचशे मापनश्रेणी तपासल्या. उत्तमातली उत्तम श्रेणीही निव्वळ अंदाजाच्या किंचितच पुढे होती. कारण प्रथिन घडी घालते, साखळीतली दूरदूरची आम्ले शेजारी येतात आणि बहुतेक प्रतिपिंडे अशाच जागा धरतात. पुण्याच्या संशोधकांनी हे आधीच ओळखले होते, याचे मला फार मोल वाटते. कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी 1999 मध्ये जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकावर उभी केली आणि तीवर एपिटोप शोधले. आधाराला होती एका भाईबंद विषाणूच्या त्याच प्रथिनाची क्ष-किरणांनी ठरवलेली रचना. पुन्हा प्रयोगच!

यावर आक्षेप येईल की आजच्या यंत्रशिक्षणाने हे सारे मागे टाकले. प्रतिपिंडे सोडून टी-पेशींच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. प्रथिनाचा कोणता तुकडा, टी-पेशींना असे तुकडे दाखवणाऱ्या कोणत्या एचएलए रेणूत बसेल, हे आता चांगले सांगता येते. मात्र ज्या एचएलए प्रकारांची मोजमापे भरपूर आहेत, त्यांच्यापुरतेच. एचएलएची जनुके माणसागणिक, समाजागणिक कमालीची बदलतात. भारतात आढळणाऱ्या ज्या प्रकारांची मोजमापे तुटपुंजी आहेत, त्यांच्याबाबत संगणक जवळच्या प्रकारावरून अटकळ बांधतो. तुकडा बसला तरी टी-पेशी जागी होईलच असेही नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना घेऊन पेशींनाच विचारावे लागते. संगणकासाठी पैसे मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात या नमुन्यांचा खर्च आधी मांडला पाहिजे.