कचेरीतले यंत्र : तेथले आणि येथले

श्रोतेहो, सातबाऱ्याचा उतारा पूर्वी तलाठ्याच्या लेखणीतून उतरे. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला, आणि आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी तो संगणकावरून काढून घेतो. पण हे यंत्र सगळ्या देशांच्या कचेऱ्यांत एकाच वाटेने आले नाही, बरं का!

इंग्लंडात चहाची दुकाने चालवणाऱ्या लायन्स कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि १९५१ साली बेकरीच्या हिशेबाला जुंपला. पुढे तो पगारपत्रकेही करू लागला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ सुरू झाला, तो शास्त्रज्ञांच्या गणितासाठी. कचेरीत यंत्र येऊ लागताच १९६० नंतरच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी विरोध केला. बँकांत तर १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली.

हा फरक बुद्धीचा म्हणावा काय? मुळीच नाही. युद्धानंतरच्या इंग्लंडात माणूसबळ अपुरे होते. आपल्याकडे एका नोकरीमागे उमेदवारांची रांग. ज्याच्या घरची चूल कारकुनीवर पेटते, त्याला यंत्राची धास्ती वाटणारच.

आता यंत्र आले आहे, पण शहाणपण आपलेच लागते. फेरफारात नाव चुकले, तर यंत्र तीच चूक सुबक अक्षरांत छापते. म्हणून गुरुजींनो, सातमध्ये मालकी आणि बारामध्ये पिके कशी वाचायची, हे मुलांना जरूर शिकवा.