मध्यरात्रीची गेमबंदी

दक्षिण कोरियात मुलांच्या गेमिंगची गोष्ट सुरू होते ती १९९७ च्या आर्थिक संकटापासून. नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी शिल्लक पैशांत ‘पीसी बांग’ थाटले. ओळीने मांडलेले संगणक, वेगवान इंटरनेट आणि तासावर भाडे, एवढेच भांडवल. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा गेम आला आणि धंद्याने बाळसे धरले. शाळा सुटली की शिकवणी, तीही रात्रीपर्यंत. अशा मुलांना दोस्तांसोबत बसायला परवडणारी जागा हीच. पुढे व्यावसायिक खेळाडूंचे सामने टीव्हीवर दिसू लागले.

हादरे बसले ते मोठ्यांमुळे. २००५ मध्ये देगू शहरात एक तरुण सुमारे ५० तास खेळून कोसळला आणि मरण पावला. २०१० मध्ये एका जोडप्याला अटक झाली. पीसी बांगमध्ये ते आभासी मुलगी वाढवत बसत. घरी पोटची तान्ही मुलगी उपासमारीने गेली होती. वागणूक मोठ्यांची, कायदा मात्र मुलांवर आला. २० नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद झाले. लोकांनी त्याला ‘सिंड्रेला कायदा’ म्हटले.

पळवाट घरातच होती: आईवडिलांचा नागरिक नोंदणी क्रमांक टाकला की काम झाले. २०१२ मध्ये एका फ्रेंच स्पर्धेच्या ऑनलाइन फेरीत पंधरा वर्षांचा कोरियन खेळाडू बाराच्या ठोक्याआधी डाव संपवण्याच्या घाईत हरला. मोबाइल गेम बंदीतून वगळलेले होते आणि मुले तर फोनकडेच वळत होती. २०१४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण त्याचा जीव गेलाच होता. २०२१ मध्ये लहान मुलांचा आवडता ‘माइनक्राफ्ट’ याच नियमांपायी कोरियात प्रौढांपुरता उरू लागला, तेव्हा ओरड झाली. १ जानेवारी २०२२ ला कायदा रद्द झाला.

योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेची ‘गेमिंग विकार’ नोंदवणारी नवी रोगसूची त्याच दिवशी लागू झाली. तिच्या निकषांत घड्याळ नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी आयुष्य मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, हे तिथे पाहिले जाते. हा विकार कोरियाने आपल्या रोगसूचीत घ्यावा का, यावर तिथल्या आरोग्य आणि संस्कृती मंत्रालयांचे अनेक वर्षे पटलेले नाही. गेम हा देशाचा मोठा निर्यात उद्योगही आहे.