जीवाणूंच्या दिशाबोधाचे गणित : एका प्रश्नाचा इतिहास

सूक्ष्म जीवाणूस अन्नाची दिशा कशी उमगते, हा प्रश्न जीवशास्त्राचा खरा. परंतु त्याची उकल गणिताच्या साहाय्यावाचून झाली नाही. १८८४ मध्ये विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, मॅलिक आम्ल भरलेल्या केशनलिकेकडे नेच्याच्या पुंपेशी धाव घेतात, असे दाखविले. प्रतिसाद द्रव्याच्या निव्वळ प्रमाणावर नसून सभोवतालच्या प्रमाणाशी असलेल्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, हेही त्यानेच नोंदविले.

ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले की, ज्या शर्करेचे पचन जीवाणूस करता येत नाही तिच्याकडेही तो ओढला जातो. अर्थात त्याच्या ठायी स्वतंत्र ग्राही असले पाहिजेत. पुढे एव्हलिन केलर व ली सेगेल यांनी १९७०-७१ मध्ये समूहाच्या चलनाची समीकरणे मांडली. ती समूहापुरती समर्पक होती. एकटा जीवाणू काय करतो, याविषयी मात्र ती मूक होती.

वादाचा मुद्दा हाच होता. सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचा हा जीव आपल्या दोन टोकांची तुलना करतो, की आताच्या क्षणाची मागील क्षणाशी? १९७२ मध्ये मॅकनॅब व कोशलँड यांनी द्रवातील प्रमाण सर्वत्र एकदम पालटले. दिशा अशी उरलीच नाही, तरीही जीवाणूंचे पोहणे बदलले. त्याच वर्षी बर्ग व ब्राउन यांनी एकेका जीवाणूचा माग काढून दाखविले की, अनुकूल दिशेने जाताना त्याची सरळ धाव लांबते. तुलना काळातील होती. जीवाणूस अल्पशी स्मृती आहे, हे मान्य करावे लागले.

स्मृतीबरोबर विस्मृतीही हवी. प्रमाण स्थिर होताच पेशी पूर्ववत वागू लागते. हे समायोजन रेणूंच्या काटेकोर प्रमाणामुळे नव्हे, तर त्यांच्या परस्परसंबंधांच्या रचनेमुळे घडते, असे बारकाई व लायब्लर यांनी १९९७ मध्ये प्रतिपादिले आणि १९९९ च्या प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला.

भिवंडीपासून फार दूर नसलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत के. व्ही. वेंकटेश, महेश तिरुमकुडुलू व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सेरीनच्या नियंत्रित प्रवणतेत या जीवाणूंच्या गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेरीन हे आकर्षक द्रव्य असून अन्नही आहे. म्हणून संवेदन व पोषण यांचे परिणाम वेगळे करण्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

निरीक्षणांशी जुळणारी समीकरणे अनेक असू शकतात. जे प्रतिमान स्वतःला खोटे ठरवू शकेल असा प्रयोग सुचविते, तेच ज्ञानात भर घालते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.