मळवलीचा छापखाना आणि महालक्ष्मीची जत्रा

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' नावाची चित्रांची जत्रा पहिल्यांदा भरली. तेव्हा पन्नासहून अधिक गॅलऱ्या आल्या होत्या. २०२४ साली सत्तरच्या पुढे गेल्या, २०२५ साली ऐंशीच्या पुढे. 'फेअर'ला मी जत्रा म्हणते ते कुचेष्टेने नव्हे. प्रदर्शन वेगळे आणि जत्रा वेगळी. जत्रेत गॅलऱ्या मोजून जागा भाड्याने घेतात, तीन-चार दिवसांपुरत्या भिंती उभ्या करतात, चित्रे टांगतात आणि विकतात. आधी मोठ्या गिऱ्हाइकांना आमंत्रणाने बोलावतात, मग आपल्यासारख्यांनी तिकीट काढून जायचे. किंमत बहुधा कुठेच लिहिलेली नसते, विचारावी लागते. (विचारायला धीर लागतो. माझ्या नातीने विचारली, मी नाही.) स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी हा प्रकार १९७० पासून चालू आहे आणि दिल्लीत २००८ पासून. ज्या मुंबईने देशाला इतके चित्रकार दिले तिला मात्र २०२३ उजाडावे लागले!

आम्ही २०२४ साली गेलो होतो. बाहेर मोकळ्या हवेत शिल्पे मांडली होती, ती मला सगळ्यांत आवडली. आत हुसेन, रझा, सूझा अशी मोठी नावे होती, आणि तिशी-पस्तिशीतली पुष्कळ मुले-मुलीही, ज्यांची नावे मी वहीत लिहून घेतली. पाय बोलायला लागले तेव्हा थांबलो. घरी आल्यावर शेजारणीने विचारले, "आपल्याला काय करायचंय त्या श्रीमंतांच्या बाजारात?" तेवढ्यापुरते मी हसले, पण प्रश्न मनात राहिला. कारण माझ्या मते हा बाजार जितका त्यांचा आहे तितकाच आपलाही आहे. का, ते सांगते.

आपण पिंपरीकर लोणावळा लोकलने जातो तेव्हा कामशेत गेल्यावर मळवली येते. कार्ल्याला, भाज्याच्या लेण्यांना जाणारे तिथे उतरतात. या मळवलीत राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. रविवर्मा केरळातले. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले (त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले), तिथे रविवर्म्यांची दहा चित्रे गेली होती आणि ती गौरवलीही गेली. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या स्त्रियांची ती चित्रे होती. आजच्या भाषेत आंतरराष्ट्रीय म्हणतात तशा मांडवात आपला माणूस तेव्हाच जाऊन आला होता.

पण त्यांची खरी जत्रा पुढे भरली. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे की एक हात पुरायचा नाही, तेव्हा ती छापून घ्या, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी दिला होता. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आले. शिळाछापाची रीत मोठी कष्टाची. चित्र दगडावर उलटे काढायचे, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड! एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जायचा, आणि एकदा जरी जागा चुकली तरी लक्ष्मीचा ओठ गालावर यायचा. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला आला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काही काळ काम केले. १९७२ साली आगीत छापखाना जळाला.

माझ्या माहेरी देवघरावर कमळातली लक्ष्मी होती, तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलेले असायचे. ते वाचता येऊ लागले तेव्हा कळले की आपली देवी आगगाडीच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यातून आली आहे. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. पुढे पिंपरीत शिकवायला लागले तेव्हा कामगारांच्या घरी गेले की तिचीच लेकरे भेटायची, कंपनीच्या कॅलेंडरवर. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मधला, त्यानंतर एकेक कारखाना वाढत गेला, माणसे गावोगावाहून आली, आणि त्यांच्या एका खोलीच्या घरात भिंतीवर एक चित्र हमखास असे. त्याच रविवर्म्यांचे 'यशोदा आणि कृष्ण' हे तैलचित्र २०२३ साली मुंबईतल्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेले. एक चित्रकार दोन्हीकडे आहे, लिलावात आणि देवघरावर.

मधला इतिहास भराभर सांगते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, सुरुवातीला बहुतांशी साहेबांची. तिचे सुवर्णपदक १८९५ साली कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मिळवले. (त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मचरित्र मिळाले तर जरूर वाचा, मराठी फार सरळ आहे.) १९३७ साली ते अमृता शेरगिलला मिळाले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. त्यांतले कृष्णाजी हौळाजी आरा मोटारी धुण्याचे काम करून चित्रे काढत, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. सूझा गोव्यातले सालीगावचे, तर हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे. १९४९ साली या मंडळींचे प्रदर्शन सोसायटीच्या दालनात भरले. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ला उघडली.

हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा'ची हकीकत मात्र सविस्तर सांगायलाच हवी. चित्र १९५४ चे, खेड्यातल्या जीवनाचे तेरा तुकडे एकाच लांब कॅनव्हासवर. त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी ते विकत घेतले, नॉर्वेला नेले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. तिथे ते कित्येक दशके होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले आणि पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवायचे ठरले. मला त्या आकड्यापेक्षा रुग्णालयातली वर्षे जास्त मोलाची वाटतात. आपल्याकडची बैलगाडी, जात्यावरची बाई, आणि भोवती परदेशातले रुग्णालय!

आणि वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूरचा, घराणे गोव्याचे, बालपण-तारुण्य गिरगावच्या चाळीत. जे. जे. त शिकले. १९७२ च्या सुमारास दिल्लीला निजामुद्दीनला गेले आणि एका खोलीत एकटे राहिले. वर्षाला पाच-सहा चित्रे, तीसुद्धा महिनोन्‌महिने विचार केल्यावर. रोलरने आणि पट्टीने रंग लावायचे, खरवडायचे, पुन्हा लावायचे. चित्रांना नावे नाहीत. २००१ साली गेले तेव्हा मराठी घरांतून किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते? १९ डिसेंबर २०१३ ला मुंबईत ताजमध्ये क्रिस्टीजचा भारतातला पहिला लिलाव झाला, त्यात त्यांचे १९७९ चे चित्र २३.७ कोटींना गेले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून नाव आले. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० चे एक चित्र ६७ कोटींच्या पुढे गेले. ज्याने आयुष्यभर बाजाराकडे पाहिले नाही त्याच्याकडे बाजार असा धावत आला. माणूस नसताना!

"यात चित्र कुठे आहे?" असे नातेवाईकांपैकी काहीजण विचारतील. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना सांगत, की आधी पाच मिनिटे नुसते बघा, मग बोला. कामगारांची मुले खरोखर पाच मिनिटे बघत. त्या विषयाचा तास इंग्रजी-गणितासाठी काढून घेतला जाई तेव्हा ते सर स्टाफरूममध्ये गप्प बसून खडू तासत. आता तर अनेक शाळांत ते पदच उरलेले नाही. ठाण्याचे सुधीर पटवर्धन हे डॉक्टर असलेले चित्रकार, कामगार-वस्त्या आणि लोकल रंगवणारे. त्यांनी २००८-०९ च्या सुमारास समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शहरांतून फिरवले होते. असे काही आपल्या चिंचवडला पुन्हा आले तर मी पहिल्या रांगेत असेन.

जत्रेची वाट पाहायची गरजही नाही म्हणा. चिंचवडहून सकाळची सिंहगड पकडली तर सीएसएमटीवरून काळा घोड्याला चालत जाता येते. जहांगीरला तिकीट नाही. बसायला बाकही आहेत, दुपारी गर्दी कमी असते.