ढोल वाजला की ऐकू येणारी बाई

अंबडला, परतूरला, भोकरदनला, कुठंही अशी एखादी बाई आपण पाहिलेली असते. घरात हाक मारली तर तिला ऐकू येत नाही, पण पिठाच्या गिरणीत बोललेलं बरोबर कळतं. मग घरचे म्हणतात, "हिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं." आज आपण बघू, हे सोंग का नाही.

१६७२ साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका बाईची हकीकत लिहिली. खोलीत ढोल वाजत असेल तरच तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. नवऱ्यानं काय केलं? ढोल वाजवणारा गडीच कामाला ठेवला!

आपल्या कानाच्या पडद्यामागं तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याहून लहान. ती हलली तरच आवाज आतल्या कानात पोचतो. काहींच्या कानात तिच्याभोवती जादा हाड वाढतं आणि ती जागीच अडकते. मग गिरणीची घरघर कानात कमी शिरते, आणि समोरचा माणूस तर त्या घरघरीत ओरडूनच बोलतो. म्हणून तिथं ऐकू येतं.

अठराव्या शतकात इटलीच्या वालसाल्वांनी मेलेल्या माणसाचा कान उघडून अशी घट्ट बसलेली रिकीब पाहिली. पण इलाज सापडायला दोनशे वर्षं गेली. १ मे १९५६ रोजी अमेरिकेत डॉ. जॉन शी यांनी एका ५४ वर्षांच्या बाईची अडकलेली रिकीब काढून तिथं टेफ्लॉनची बारीक रिकीब बसवली.

हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. काही जणींना तो बाळंतपणानंतर वाढल्यासारखा वाटतो. त्यात कुणाचा शाप नाही, बाळाचा दोष नाही.

ऐकू कमी येण्याची कारणं वेगवेगळी असतात. कान फुटणं हेही एक. म्हणून कानात तेल ओतत बसू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन नको असेल तर ऐकण्याच्या यंत्राचाही उपयोग होतो.

आणि गटातली एखादी हळूहळू गप्प होत चालली असेल, तर तिला गर्विष्ठ म्हणण्याआधी एकदा विचारा: "बाई, तुला ऐकू येतंय ना?"